दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यात

परदेशीपुऱ्याच्या त्या गल्लीत तात्यारावांचा ट्रक उभा असला की बाजूने सायकल काढायची चोरी. तरी कुणी चकार शब्द काढत नसे. तात्याराव फौजेतले ड्रायव्हर, आणि राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर. महूच्या लष्करी लिलावातून उचललेलं ते जुनं धूड ऑटोमॅटिक होतं. क्लच नाही, गिअर आपोआप पडायचे. पडायचे कसले, आदळायचे! दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना असा झटका बसे की शेजारच्याचं कपाळ काचेवर. म्हणून झटक्याच्या आधी तात्याराव डावा हात आडवा टाकत आणि शेजारच्याला छातीशी दाबून धरत. शेजारी बहुतेक वेळा त्यांची बायको, जयाबाई.

पौषात तात्याराव गेले. मुलगा संघदीप रडला नाही. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये पोरांना इंजिन शिकवणारा तो माणूस; बापाच्या ट्रकचा झटका हा त्याच्या लेखी निव्वळ बिघाड होता, आणि बाप तो मुद्दाम दुरुस्त करत नव्हता. आईची कंबर गेली ती त्याच ट्रकमध्ये. डॉक्टरांनी तिला साफ सांगितलं होतं, असे झटके बसत राहिले तर एक दिवस उठणं-बसणं बंद. आणि जयाबाईंचा हट्ट एकच. चौदा एप्रिलला जयंतीसाठी महूला येणाऱ्यांना पाणी वाटायचा नवऱ्याचा नेम मोडायचा नाही, आणि ट्रकमध्ये आपण बसायचं.

"बस तू," संघदीप म्हणाला. "पण तो झटका मी काढून टाकणार. चाळीस वर्षं सहन केलास, बहुत झालं."

गिअरबॉक्सची कामं करणाऱ्या निशांतने ट्रकखाली डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

"भिया, ही खराबी नाहीये. तात्याजींनी जानबूझकर टाइट ठेवलंय. ही केबल तेलाचं प्रेशर ठरवते. प्रेशर जास्त तर प्लेटा कचकन पकडतात, झटका लागतो, पण घसरत नाहीत. नरम केलं ना, तर लोडमध्ये स्लिप मारेल."

"तात्याजींचं कौतुक मला सांगू नकोस! केबल सैल कर."

निशांतने खांदे उडवले आणि केबल सैल केली. संघदीपने एकट्याने सियागंजपर्यंत चक्कर मारली. गिअर लोण्यासारखे पडले. इतकी साधी गोष्ट! म्हाताऱ्याला दहा मिनिटांचं काम होतं, आणि त्याने केलं नाही. संघदीपच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने आईला शेजारी बसवलं. दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना ट्रक धाडकन हिसकला. जयाबाई कळवळल्या.

"निशांत!" परत येताच संघदीप ओरडला. "हात लावलास ना तू?"

"आईशप्पथ नाही, भिया."

केबल तपासली. होती तशीच सैल. संघदीपने नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. कुणी नट फिरवलाच तर रेघ तुटेल. पुन्हा एकटा फिरला. मऊ. आईला घेऊन फिरला. झटका. रेघ अखंड होती.

चार दिवस तो हेच करत राहिला. निशांतला बसवून पाहिलं, पन्नास किलोची गव्हाची गोणी ठेवून पाहिली, मऊ. आई बसली की झटका. वहीत त्याने तेलाचं तापमान लिहिलं, वेग लिहिला, आणि शेवटी वहीच भिरकावून दिली. आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती, पण ती त्याने लिहिली नव्हती. झटक्याच्या जरासं आधी आई श्वास रोखून पाठ सीटला टेकवायची.

"तुला कसं कळतं गं?"

"सवय रे," जयाबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

तेराच्या संध्याकाळी त्याचं डोकं फिरलं. केबल त्याने सैल केली नाही, उपटूनच काढली आणि केबिनमध्ये फेकली. निशांत हात जोडत होता. "पाण्याची टाकी भरून चढावर जाणार तुम्ही. गाडी पकडणार नाही, भिया, मान जाओ!"

"मेलेल्या माणसाची दादागिरी मी चालवून घेणार नाही."

चौदाला सकाळी टाकी भरली. जयाबाई पांढरी साडी नेसून शेजारी बसल्या. राऊ गावापर्यंत ट्रक असा गेला की संघदीपला गाणं म्हणावंसं वाटलं. एक झटका नाही. आई प्रत्येक वेळी श्वास रोखायची आणि काहीच व्हायचं नाही.

"पाहिलंस? सुटलीस तू," तो म्हणाला.

जयाबाईंनी छातीवरचा पदर सारखा केला.

पुढे चढ लागला. मागे महूला निघालेल्यांची रांग होती. निळे झेंडे, स्कूटरवर पोरंबाळं. अर्ध्या चढावर इंजिन एकाएकी किंचाळलं. ट्रक मात्र ओढेना. प्लेटा घसरत होत्या.

ट्रक थांबला. मग मागे सरकू लागला.

त्याने ब्रेकवर उभं राहून जोर दिला. टाकीतलं पाणी मागे आदळलं. चाकं सरकतच राहिली. आरशात एक बाई स्कूटरवरून पोराला ओढून काढत होती.

"तात्या!" तो ओरडला. बापाला त्याने शिवी हासडली, की हाक मारली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

धाड.

गिअर पकडला. असा झटका त्या ट्रकनेही कधी दिला नव्हता. संघदीपचं डोकं काचेवर आपटलं. ट्रक पुढे झेपावला आणि चढ चढून गेला.

वर येताच त्याने ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं. कपाळावरून रक्त ओघळत होतं. उपटलेली केबल पायाशी पडली होती. त्याचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर आवळलेले होते.

"आई! लागलं का? कंबर?"

जयाबाई सीटला ताठ टेकून बसल्या होत्या. एक केसही विस्कटला नव्हता.

"मला काही नाही झालं."

"मग उतर. खाली उतर आधी."

त्या हलल्या नाहीत. समोर बघतच, दबक्या आवाजात बोलल्या.

"हात काढायला सांग त्यांना. माझं ऐकत नाहीत."

संघदीपने वळून पाहिलं. पांढऱ्या पदरावर, छातीपाशी, चार बोटांच्या रुंदीचा आडवा खळगा पडला होता, आणि जयाबाई श्वास घेत होत्या तरी तो वर येत नव्हता.