शेवटचा फर्मा

शेवट ओळखून दाखव. ओळखलास तर ही आरामखुर्ची तुझी, मी खाली बसेन जन्मभर. दिवा जरा पुढे ओढ. आणि माझे हात चादरीखाली का आहेत, हे मधेच विचारायचं नाही. ते शेवटी.

तुला माहितीय, मी वाचनालयात पुस्तकं बांधायचो. बत्तीस वर्षं. वाचायचं म्हणशील तर नाव काढू नकोस. दुकानाची पाटी मी अक्षरं लावून लावून वाचतो, तोवर दुकान बंद होतं. पण बांधायला वाचावं लागत नाही. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या. त्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. फर्म्याच्या पाठीवर छापखान्यातून एक काळी खूण येते, दर फर्म्याला थोडी खाली. सगळे नीट रचले की खुणांचा जिना दिसतो. जिना बरोबर, तर पुस्तक बरोबर. गोष्ट काय का असेना.

आमचे दाजी, ताईचा नवरा, त्यांची तऱ्हा उलटी. त्यांना गोष्टीशिवाय काही सुचायचं नाही, आणि गोष्ट तरी कसली? एकच. आपल्यासारखा एक माणूस यंत्रात बसतो आणि हजार वर्षं मागं जातो, थेट व्हायकिंगांच्यात. म्हणजे ते उत्तरेकडचे दर्यावर्दी, लुटारू. दाढ्या, कुऱ्हाडी, लांब नावा, नावेच्या टोकाला सापाचं डोकं. असल्या कादंबऱ्या वाचनालयात चाळीस-एक होत्या. दाजींनी सगळ्या दोनदा वाचल्या होत्या. आणि खोड काय, तर शेजारी कुणी वाचत बसला की त्याला शेवट सांगून मोकळे. लोक खुर्च्या बदलायचे.

मला म्हणायचे, "अरे अंगठाछाप, यातला माणूस कितीही अडकू दे, शेवटच्या पानांत तो परत येतोच. यायलाच लागतं त्याला."

अंगठाछाप मी नव्हतो, बरं का. मला सही येत होती. ती दाजींनीच शिकवलेली. पगाराच्या कागदावर अंगठा लावतो म्हणून महिनाभर बसवून गिरवून घेतली. माझं नाव, एवढंच. दुसरं एक अक्षर सलग काढता यायचं नाही. आजही नाही.

तर त्यांच्या आवडीची एक कादंबरी आली दुरुस्तीला. नवी प्रत मिळत नव्हती, पाठ पार उसवलेली. मी जिना लावला, शिवायला घेतली, आणि माझ्यातला वाह्यात जागा झाला. म्हटलं, यायलाच लागतं काय? बघू कसा येतो. शेवटचा फर्मा काढून ठेवला आणि बाकीची बांधून टाकली. त्या फर्म्याच्या आडव्या पट्ट्या कापल्या, चोवीस, आणि लहान मुलांच्या चोवीस पुस्तकांच्या पाठीला आतून खळीनं चिकटवल्या. पाठ मजबूत होते. कागद वाया घालवायची मला सवय नाही.

महिनाभरानं एका दुपारी जेवण उरकून दाजी आले, तीच कादंबरी घेऊन खिडकीच्या खुर्चीत बसले. बाहेर जायचं दार एकच, माझ्या टेबलाला लागून. मी डोळा ठेवून होतो. शेवटच्या पानावर पोचल्यावर म्हातारा कसा चरफडतो ते बघायचं होतं ना मला. चारच्या सुमारास पान उलटल्याचा आवाज आला. मग दुसरा एक आवाज. लाकूड लाकडावर घासल्यासारखा. थांबायचा... पुन्हा यायचा. मी मान वर केली तर खुर्ची रिकामी.

चहाच्या कपातून वाफ येत होती. चपला खुर्चीखाली. चष्मा पुस्तकावर. आणि खुर्ची ओली. बोट लावून चाखलं, खारट. समुद्र आमच्यापासून आगगाडीनं एक दिवस लांब.

मी हसलो. खरं सांगतो. वाटलं, म्हाताऱ्यानं माझ्यावरच डाव उलटवला. संध्याकाळी ताई आली विचारायला, तर मी तिला म्हटलं येतील गं, शेवट सांगायला कुणीतरी गिऱ्हाईक सापडलं असेल. चपला उचलून छातीशी धरल्या तिनं. तेव्हा माझं हसू जरा... असो.

दुसऱ्या दिवशी मी ते पुस्तक ग्रंथपाल बाईंपुढं ठेवलं. म्हटलं, शेवटचं पान वाचा. बाईंनी वाचलं. नावेवर एक नवा म्हातारा वल्हं मारायला बसलाय. टक्कल, अंगात कोपराला ठिगळ लावलेला स्वेटर. पुढं काय होणार ते तो सगळ्यांना आधीच सांगतो, आणि नावेवरचे हसतात.

ते ठिगळ ताईनं लावलेलं होतं.

बाई म्हणाल्या, हे आधी नव्हतं. मी सगळं कबूल केलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं ते झुरळाकडं पाहावं तसं. मग कपाटाची किल्ली काढून दिली.

आम्ही पट्ट्या शोधायला लागलो. पाठ ओल्या फडक्यानं भिजवायची, खळ सुटेपर्यंत थांबायचं, पट्टी हळूच सोलायची. नऊ पुस्तकं कपाटात, बाकीची घराघरांत. मी दारोदार फिरलो, पोरांच्या हातून पुस्तकं ओढून आणली. एक पोरगी तर मला चावली. संध्याकाळी बाई पुन्हा ते पान उघडायच्या. दर वेळी वेगळं. आता नावेवरचे हसत नव्हते. म्होरक्याचा म्हाताऱ्यावर विश्वास बसला होता. तिसऱ्या दिवशी लिहिलेलं होतं की म्होरक्यानं त्याला सांगितलंय, किनारा कधी दिसेल ते सांग. चुकलास तर पाण्यात. आणि तिथं पान संपत होतं. त्यांनी वाचलेल्या गोष्टीत हा म्हातारा नव्हताच, मग दाजींना तरी पुढचं काय ठाऊक असणार? पुढची पानं मी कापली होती.

बाईंच्या खोलीत डांबराचा वास भरला होता. ओल्या लोकरीचा.

तेवीस पट्ट्या मिळाल्या. चोविसावीचं पुस्तक रद्दीत जाऊन त्याचा लगदा झाला होता. मी कडेला कड लावून फर्मा जोडत गेलो. शेवटच्या पानात एका पट्टीएवढी फट राहिली. पाठची बाजू कोरी होती, तेवढंच नशीब. बाईंनी फटीच्या वरचं वाचलं, अगदी हळू.

"किनारा लागला. प्रवासी उठला. पण वल्हं मोकळं सुटलं तर नाव फिरली असती, म्हणून त्याच्या जागी येऊन बसला तो..."

"मग?"

"मग फट. खाली एवढंच आहे, आणि प्रवासी घरी पोचला." बाईंनी फटीवर बोट ठेवलं. "इथं कुणाचं तरी नाव होतं."

मी कोरी पट्टी चिकटवली. बाईंपुढं दौत-लेखणी ठेवली. त्यांनी हात मागं घेतला. म्हणाल्या, कुणाचं लिहू? कुणाचं लिहायचं असतं असं?

त्यांचं बरोबर होतं. खोडी कुणाची? माझी. आणि मला तरी नावं लिहिता येत होती किती? एकच. मी लेखणी उचलली आणि पगाराच्या कागदावर करायचो तशी झोकात सही ठोकली, खाली रेघ ओढून. मग दाभण घेतलं, फर्मा शिवला, पाठीचा जिना बघितला. बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी खुर्चीत. दाढी छातीपर्यंत, पाय पांढरेफटक, ओले. ताईनं चपला पुढं ठेवल्या आणि मग रडली. सगळे आनंदात. मी तर म्हटलं, काय दाजी, आलातच की परत, म्हणाला होतात तसं.

दाजी माझ्याकडं बघत राहिले. मग कानाशी येऊन म्हणाले, "तू का नाही उतरलास?"

"मी कुठं होतो?"

"माझ्या जागी बसलास ना येऊन. मी हाक मारली... तू वर बघितलंच नाहीस."

आता चादर काढतो. दिवा जवळ आण. हे फोड बघ. वल्ह्याचे आहेत. पंधरा वर्षं झाली मला काम सोडून, जड काही उचललेलं नाही. रोज सकाळी ताजे असतात. पूर्वी एक-दोन यायचे, आता तळवा पुरत नाही. भीत नाही मी. हातानं केलं ते हातावर आलं. फक्त ते पुस्तक आता कुणाला वाचून दाखवायला सांगत नाही.

आणि दाजी? आता कुणाला शेवट सांगत नाहीत. मी एकदा विचारलं होतं, माझा काय हो? ते उठून चहा करायला गेले.

परवा ताई आली होती. माझ्यासाठी लोकरीचे मोजे विणतेय, जाडजूड, गुडघ्यापर्यंत. ऐन उन्हाळ्यात. दाजींनी सांगितलंय म्हणे. मी म्हटलं, अगं दोन जोड कर, एक धुवायला टाकला की दुसरा घालता येईल.

तर म्हणाली, मीही तेच म्हटलं यांना. पण हे म्हणाले, एक पुरेल.