हिरवा आकडा

खुनी जिंकला, म्हणूनच सापडला. त्याने सगळं कबूल केलं आणि वर हातातली फेरी संपवायची परवानगी मागितली.

वरची दोन वाक्यं वाचकांनी वाचलेली नाहीत. भाऊजींनी तर नाहीच नाही, कारण त्या सकाळी ते गुप्तहेराच्या कचेरीत बसून समोरच्या बाई किती वर्षं जगतील याचा अंदाज बांधत होते.

भाऊजी म्हणजे गुप्तहेराच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पेशाने विमा एजंट. माणूस दिसला की त्यांच्या डोक्यात हा हिशेब आपोआप सुरू व्हायचा. मेहुण्याच्या कामात ते मदत करत. म्हणजे सोबत जात आणि भलत्याच माणसावर संशय घेत.

बाई परिचारिका होत्या. कामावरून थेट गणवेशातच आल्या होत्या. धाकटा मुलगा गेला, थोरला कोठडीत आहे, आणि घरात आता फ्रिज तेवढा बोलतो, असं त्यांनी एका दमात सांगितलं. गेलेला परत मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. दुसरा तरी मिळावा.

धाकटा फोनवर लढाईचा ऑनलाइन खेळ खेळायचा. पाच जणांच्या चमूचा तो कप्तान, त्यामुळे घरीही कप्तानच. वरच्या खोलीत तो दिवसचे दिवस बसे. त्या खोलीला बाहेरून वेगळा जिना होता.

"जेवायला हाक मारली की 'येतोय' म्हणायचा," बाई म्हणाल्या. "येत नव्हता, पण म्हणायचा. त्या दिवशी कामावरून आले, हाक मारली, तर काहीच नाही. तेव्हाच कळलं."

तो खुर्चीमागे जमिनीवर पडला होता. त्याचंच डंबेल डोक्यात घातलेलं. मनगटावरच्या घड्याळाने दुपार कलताना हृदयाचे ठोके थांबल्याची नोंद केली होती आणि नंतर तासातासाला 'थोडं चालून या' असा सल्लाही दिला होता.

खाली थोरला घरूनच नोकरीचं काम करत होता. त्याच्या जबानीनुसार दिवस मावळेपर्यंत वर कप्तान खेळत होता, आवाज येत होते. मेलेला माणूस खेळत नाही. म्हणजे थोरला खोटं बोलतो. म्हणजे त्यानेच मारलं. पोलिसांचा हिशेब इतका सरळ होता की भाऊजींनाही पटला.

कोठडीत थोरल्याने धाकट्याशी झालेलं भांडण नाकारलं नाही. भांडण व्हीपीएनचं होतं. कप्तानाने ते वायफायच्या खोक्यातच बसवलं होतं, त्यामुळे सगळं घर कुठल्या तरी परदेशात आहे असं दुनियेला वाटे. खेळ सुसाट चाले. थोरल्याची बँक मात्र त्याला परदेशी चोर समजून खातं गोठवे. 'एक दिवस ते खोकं फोडीन, नाहीतर तुला' असं तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता.

"त्या संध्याकाळीही ऑफिसची साइट उघडेना," तो म्हणाला. "मी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. वरून पायाने उत्तर आलं. दोनदा. तो नेहमी तसंच करायचा."

"नेहमी दोनदा?" गुप्तहेराने विचारलं.

थोरल्याने बोटाने बाकावर ठोकून पाहिलं. मग म्हणाला, नेहमी एकदाच.

भाऊजींनी बाहेर आल्यावर निकाल दिला की मुलगा गुणी आहे, पण खुनी आहे.

नंतर वायफायची जोडणी देणारा. कप्तानाने इंटरनेटवर त्याची इतकी नालस्ती केली होती की त्याच्या सासरपर्यंत पोचली होती. त्याच्या खांद्यावर शिडी पाहून भाऊजींनी थोरल्याला मनातल्या मनात निर्दोष सोडलं. पण खुनाच्या दुपारपासून अंधार पडेपर्यंत हा गृहस्थ भर चौकातल्या खांबावर होता आणि खालून अख्खा चौक त्याला शिव्या देत होता. असे साक्षीदार नशिबाने मिळतात.

माहिती मात्र त्याने मन लावून दिली. खेळाचा सर्व्हर तसा जवळच आहे. पण कंपनी माहिती लांबच्या वाटेने पाठवते. "तुम्ही इथून गोळी मारता. ती अर्ध्या जगाला फेरा घालून पोचते. तोवर शत्रू घरी जाऊन झोपलेला असतो."

"आणि व्हीपीएन?"

"दुसरी वाट. ती जवळची मिळाली तर उशीर कमी. फुकटातलं घेतलंत तर तिथे जत्रेची गर्दी, उशीर उलट वाढतो. कप्तानाने पैसे भरून बरोबर वाट शोधली होती. कोणती, ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही त्याने. त्याच्या खोक्याच्या वायफायवर जो फोन चढेल तो जवळच्या वाटेने जाणार. बाकी सगळे ग्राहक लांबच्या."

पासवर्ड कुठे असायचा, असं गुप्तहेराने विचारलं. खोक्याच्या पोटावर, जोडणीवाला म्हणाला. मीच चिकटवला, लोक विसरतात.

उरला चमूतला एक जण. त्याची प्रत्येक गोळी मागाहून पोचायची, म्हणून त्याचं नाव 'उशीर' पडलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला तो मामीकडे राहायचा. मोठी स्पर्धा तोंडावर आली असताना कप्तानाने त्याला चमूतून काढलं होतं. त्याबद्दल राग नाही म्हणाला. कप्तानाशी ओळख खेळातली. त्याचं घरसुद्धा आपण पाहिलेलं नाही.

खुनाच्या संध्याकाळी तो दुसऱ्या एका चमूसाठी निवडीची फेरी खेळत होता. खेळाच्या नोंदीत ते होतं आणि पोलिसांनी तपासलंही होतं. "मी इथेच होतो, या पलंगावर," तो म्हणाला. मामी बाजारात गेली होती.

त्या फेरीतल्या विजयाचं चित्र त्याने फोनच्या पडद्यावरच लावलं होतं. यादीत सर्वांत वर त्याचं नाव, कोपऱ्यात एक छोटा हिरवा आकडा. भाऊजींनी त्याचं अभिनंदन केलं. आयुष्यात पहिल्यांदाच पहिला आलो, असं म्हणताना पोराचे डोळे भरून आले.

गुप्तहेराने एक फेरी बघायची इच्छा दाखवली. उशीरचा सैनिक दारापर्यंत धावला, दारात थिजला आणि हलायच्या आत मेला. कोपऱ्यातला आकडा लालभडक होता.

"हा लाल म्हणजे काय रे?" भाऊजींनी विचारलं.

"उशीर किती ते. हिरवा चांगला, लाल म्हणजे मेलात. इथे कायम लालच असतो. फुकटातली सगळी व्हीपीएन लावून झाली, काका. उलट वाढतो."

रस्त्यावर आल्यावर भाऊजी म्हणाले, बिचारा. गुप्तहेराने इन्स्पेक्टरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे कप्तानाच्या खोलीत जमले. बाई दाराशी, थोरला दोन शिपायांच्या मधे, इन्स्पेक्टर खिडकीत. उशीर हसतमुखाने आला. चमूत जागा रिकामी आहे, उरलेले तिघं ऑनलाइन थांबलेत, एक फेरी खेळून दाखव, असा निरोप त्याला गेला होता. जागा कशी रिकामी झाली हा विचार त्याच्या मनाला शिवलेला दिसला नाही. तो सरळ खुर्चीत बसला आणि खेळू लागला.

या वेळी त्याचा सैनिक दारात थिजला नाही. भाऊजी वाकून बघू लागले. आकडा हिरवा होता.

"भाऊजी, याला वायफायचा पासवर्ड तुम्ही दिलात?"

"मी? मला घरचा आठवत नाही."

"कुणीच दिला नाही. फोन आपसूक जोडला गेला, कारण तो इथे आधी येऊन गेलाय. घर न पाहिलेल्या माणसाचा फोन."

इन्स्पेक्टर खिडकीतून उठले. गुप्तहेर त्याच स्वरात बोलत राहिला. मामीकडे आकडा कायम लाल, हे उशीरनेच सांगितलं. जवळची वाट कप्तानाच्या वायफायवरच मिळायची, आणि ती कोणती ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तरी त्या संध्याकाळच्या विजयात आकडा हिरवा. म्हणजे ती फेरी पलंगावरून नाही, या खुर्चीतून खेळली गेली. घड्याळ खरं सांगत होतं आणि थोरलाही. कप्तान दुपारीच मेला होता, आणि मावळतीला वर कुणीतरी खेळत होतं.

"छत ठोकल्यावर उत्तर द्यायचं असतं हे याला कळलं," तो म्हणाला. "कितीदा ते माहीत नव्हतं."

उशीरने मान वर केली नाही. बोटं चालूच होती.

"मी एवढंच म्हणालो की निवडीची फेरी तुझ्या खोलीत खेळू दे," तो म्हणाला. "तो म्हणाला, तुझा उशीर वाटेत नाही, बोटांत आहे. मग ते झालं. पळायला हवं होतं. पण खोकं समोरच होतं आणि फेरीची वेळ झाली होती. नाव देऊन आलो नाही तर बंदी येते." पडद्यावर एक गोळी झाडून म्हणाला, "जिंकलो. बोटांत नव्हता तो."

इन्स्पेक्टरांनी फोन मागितला. एवढी फेरी संपवू द्या, उशीर म्हणाला. त्यांनी संपवू दिली नाही. पडद्यावर त्याचा सैनिक दारात उभा राहिला आणि मेला.

थोरला त्याच संध्याकाळी सुटला. खोक्याचं बटण बंद करायला म्हणून वर गेला आणि ते तसंच चालू ठेवून खाली आला. बाईंनी दोघा मुलांची ताटं वाढली. मग त्या भाऊजींजवळ आल्या. तुम्ही अर्ज लिहिता ना, एक लिहून द्या, म्हणाल्या.

भाऊजींनी आयुष्यात प्रथमच समोरच्या माणसाची वर्षं मोजली नाहीत. ते लिहायला बसले.

'प्रति, खेळ कंपनीचे माननीय व्यवस्थापक. विषय: खातेदाराच्या स्थितीत दुरुस्ती करणेबाबत. महोदय, सदर खातेदार माझा धाकटा मुलगा असून आपल्या यादीत त्याच्या नावापुढे "ऑफलाइन" असे दर्शविले जात आहे. तरी सदर शब्द वगळून त्या जागी "येतोय" असा शब्द कायमस्वरूपी दर्शविण्यात यावा, ही नम्र विनंती.'