टेलरबाईंचा डावा हात

दर मंगळवारी दुपारी चार वाजता आम्ही फिजिओथेरपी केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जमतो. चालण्याच्या सरावाचे दोन समांतर दांडे, एका भिंतीवर पूर्ण उंचीचा आरसा, कोपऱ्यात पाणी गरम करायची किटली. खुर्च्या सहा, माणसं चार. डॉक्टर नसतात, समुपदेशक नसतात. यायला अट एकच: डोक्याला मार लागलेला हवा, नाहीतर आत काहीतरी फुटलेलं हवं. "बाकीच्यांनी खाली बसून मासिकं वाचावीत," असं सिस्टर म्हणतात.

सिस्टर बावीस वर्षं वॉर्डात नर्स होत्या. मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्यापासून त्यांना जगाची डावी बाजू कळत नाही. डोळे शाबूत आहेत, पण ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहतं आणि त्या "आज कमीच वाढलं" म्हणून सुनेवर चिडतात. गट त्यांनीच सुरू केला.

टेलरबाईंचा डावा हात पक्षाघातानंतर तीन वर्षं मांडीवर नुसता पडून आहे. त्या त्याला पार्सल म्हणतात. जिना चढून आल्या की उजव्या हाताने तो उचलून मांडीवर ठेवतात आणि जाहीर करतात, "पार्सल पोचलं हो."

क्रेनवाला ऐंशी मीटर उंचीवरच्या केबिनमध्ये एकोणीस वर्षं बसला. पडला तो घराच्या जिन्यावरून, चौथ्या पायरीवरून. त्याच्याकडे आता एकच शब्द उरला आहे: बरोबर. चहा हवा का? बरोबर. नको का? बरोबर. "असला नवरा मिळायला नशीब लागतं," टेलरबाई म्हणतात. "बरोबर," तो म्हणतो आणि हसतो.

चौथा मी. अपघाताआधी एका दैनिकात होतो. अपघाताआधीचं मला सगळं आठवतं, शेवटचा थोडा वेळ सोडून. त्यानंतरचं मात्र दिवस मावळेपर्यंत टिकतं आणि झोपेत पुसलं जातं. म्हणून वही. समासात वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव, पुढे बोललेलं जसंच्या तसं. हे सगळं मी त्या वहीवरून लिहितो आहे. वहीत जे नाही, ते इथे घातलेलं नाही.

वहीच्या पहिल्या पानावर माझं अक्षर नाही. ते भावजयीचं आहे. हॉस्पिटलात मीच तिला लिहायला लावलं असणार. "भाऊजी, गाडी कोण चालवत होतं ते आठवेल तेव्हा घरी या. तोपर्यंत येऊ नका."

हे पान मी रोज सकाळी वाचतो. म्हणजे रोज सकाळी मला नव्याने कळतं की भाऊ गेला.

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा धाकटा भाऊ त्याच्या गाडीतून निघालो होतो. वाटेत पेट्रोल भरलं, त्या पावतीवर ११.५२ आहे. मला शेवटचं आठवतं ते पंपावरचा मुलगा काच पुसत होता ते. त्यानंतर थेट हॉस्पिटलचं छत; मधली, अपघातापर्यंतची चाळीस मिनिटं कोरी आहेत. गाडी तीन कोलांट्या घेऊन शेतात गेली, आम्ही दोघंही बाहेर फेकले गेलो. पाहणारं कुणी नव्हतं. पोलिसांच्या अहवालात लिहिलं आहे, "वाहन कोण चालवत होते हे निश्चित करता आले नाही." कधी तो चालवायचा, कधी मी. दोन्ही सारखंच शक्य होतं.

भाऊ गेला, आणि त्याचं घरही मला बंद झालं. ते घर माझ्या बस थांब्यापासून अकरा मिनिटांवर आहे.

गटाची एक पद्धत आहे. सुरुवातीला प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, वही न बघता, आठवड्यात आपोआप आठवलेली. लहान असली तरी चालेल. आणि नियम एक: ओढायचं नाही. कुणी अडखळलं तर शब्द पुरवायचा नाही, पुढचं विचारायचं नाही. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आपल्या डोक्यात भोकं आहेत. ओढलं की मेंदू हाताला लागेल ते त्यात कोंबतो आणि आठवलं म्हणून सांगतो. मग खरं कुठलं आणि भरलेलं कुठलं, आपल्यालाही कळत नाही."

हा नियम मी तीस मंगळवार पाळला. वही साक्षीला आहे.

पहिली विचित्र नोंद सव्विसाव्या मंगळवारची. ४.१२, टेलरबाई: "मला एक मांजर आठवलं. खूप उंचावर आहे. वारा आहे, ओल्या सिमेंटचा वास आहे, आणि हे माझ्या डब्याच्या पिशवीत झोपलंय. शेपटीला गाठ आहे. कुणाला सांगितलं तर काढून टाकतील, म्हणून सांगत नाही."

क्रेनवाला रडायला लागला. "बरोबर," तो म्हणाला. "बरोबर, बरोबर."

साडेपाचला त्याची बायको त्याला न्यायला आली. सिस्टरांनी तिला जपूनच विचारलं. मांजराचं तिला काही ठाऊक नव्हतं. मात्र नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याच्या डब्याच्या पिशवीला केस चिकटलेले असायचे आणि त्यावरून दोघांचं भांडणही झालं होतं, असं ती म्हणाली.

मी वहीत शक्यता लिहून काढल्या. त्याने सांगितलं असेल? त्याला सांगता येत नाही. त्याने लिहिलं असेल? लिहिताही येत नाही. टेलरबाई त्याला आधी ओळखत होत्या? नाही. खाली लिहिलं आहे: "स्पष्टीकरण नाही. नोंद ठेवली."

पुढच्या मंगळवारी क्रेनवाल्याने स्वतःच्या शर्टाची कड दोन बोटांत धरून तिची बारीक दुमड घातली. अगदी सराईत, टीप घालण्याआधी घालतात तशी. टेलरबाई बघत राहिल्या. "ही माझी दुमड आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं शिकवलेली. मला ती येईनाशी झालीय."

सिस्टर हसल्या. "असू दे. एकाकडे मावत नसेल तर दुसऱ्याकडे ठेवायचं. वॉर्डात खाटा कमी पडल्या की असंच करायचो."

मी हसलो नाही. त्या दिवशी संध्याकाळी वहीत लिहिलं: "यांच्यापैकी कुणाकडे तरी माझी चाळीस मिनिटं असतील." खाली दोन रेघा आहेत. दुसऱ्या रेघेने कागद फाटला आहे.

अठ्ठाविसावा मंगळवार, काही नाही. एकोणतिसावा, काही नाही. तिसावा मंगळवार, सिस्टर: "पेपरवाले, माणसं बोलायला लागली की तुम्ही भुकेल्यासारखे बघता. बरं दिसत नाही."

काल एकतिसावा होता.

टेलरबाई सिस्टरांच्या डावीकडे बसल्या होत्या. क्रेनवाला आरशाला टेकून. मी समोर.

४.०९, टेलरबाई: "मी गाडीत बसलेय. ऊन मांडीवर येतंय. हातात संत्रं आहे. साल एका तुकड्यात काढायचीय. मधेच तुटली तर पैज गेली."

माझ्या हातातलं पेन थांबलं, हे कागदावर दिसतं. शाईचा ठिपका पडला आहे.

लहानपणी भावाची आणि माझी ही पैज असायची. संत्र्याची साल अखंड निघाली पाहिजे. हरेल त्याने दुसऱ्याचे बूट पुसायचे. तो कधी हरला नाही. मोठेपणी बूट सुटले, सोलणं सुटलं नाही. हे मी गटात कधी बोललो होतो का? सगळी वही चाळली. आधीच्या तीस मंगळवारांत संत्रं हा शब्द एकदाही नाही.

"पुढे?" मी विचारलं.

"पेपरवाले," सिस्टर म्हणाल्या, "ओढू नका."

"शेजारी कोण बसलंय? चालवतंय कोण?"

"मी काय म्हणाले?"

"टेलरबाई, पाया पडतो तुमच्या. कोण चालवतंय?"

टेलरबाईंनी डोळे मिटले होते. आवाज त्यांचाच होता, पण घाई त्यांची नव्हती. "दादा. दादा चालवतोय. मी म्हटलं, दादा, जिंकलो. साल खिशात ठेवली, घरी दाखवायला. फोड सोलून पुढे केली. आ कर म्हटलं. त्यानं मान वळवली."

भाऊ मला दादा म्हणायचा.

"मग?"



मी त्यांच्या मांडीकडे पाहिलं. पार्सल हलत होतं.

तीन वर्षं मांडीवर पडून असलेला तो डावा हात उठला होता. बोटं काहीतरी गोल धरून हळूहळू फिरवत होती. उजवा हात अंगठ्याने खरवडत होता. दोन्ही हातांच्या मध्ये काहीच नव्हतं.

सिस्टरांना ते दिसत नव्हतं. "झालं काय?" त्या विचारत राहिल्या. "अरे, कुणी सांगेल का काय झालं ते?"

४.१६, क्रेनवाला: "नाही."

'बरोबर'शिवाय वहीतला हा त्याचा पहिलाच शब्द.

४.१७, टेलरबाई: "संपत नाहीये."

"काय संपत नाहीये?"

"तो परत सोलतोय. दादा वळतो, आणि मग परत पहिल्यापासून. थांबवा ना कुणीतरी."

सिस्टरांचे हात मी त्यावर नेऊन ठेवले आणि आम्ही तिघांनी मिळून तो हात धरला. थंड होता, आणि त्याला जोर होता. सोडला की पुन्हा फिरायला लागायचा.

पाच वाजता सिस्टर मला जिन्याशी घेऊन गेल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "आता ते खरं की तुम्ही ओढलेलं, कसं ठरवणार? चालवतंय कोण, हे तुम्ही तिच्या तोंडात घातलंत. आणि ती तिकडे अडकलीय."

"संत्रं मी घातलं नव्हतं," मी म्हणालो.

"जा तुम्ही. मी थांबते तिच्याजवळ."

मला झोपण्याआधी भावाच्या घरी जायला हवं होतं. उद्या माझ्याकडे नुसते शब्द उरले असते. बसमधून उतरून अकरा मिनिटं चाललो. ६.४०ला बेल वाजवली.

भावजयीने दार उघडलं आणि साखळी काढली नाही. तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते.

"आठवलं?"

"मला नाही. एका बाईंना आठवलं."

"कुठल्या बाईंना?"

"आमच्या गटात आहेत. टेलर आहेत." बोलतानाच कळत होतं की हे कसं ऐकू येत असेल.

"भाऊजी, घरी जा."

"त्यानं संत्रं सोललं होतं," मी म्हणालो. "अखंड. साल खिशात ठेवली होती, घरी दाखवायला. त्याच्या सामानाची पिशवी आली असेल ना हॉस्पिटलातून? त्यात शर्ट असेल. खिसा बघ. नसेल तर मी खोटा, पुन्हा येणार नाही."

तिने मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. "ती पिशवी मी उघडली नाहीये. दोन वर्षं झाली."

मग साखळी निघाली.

पिशवी कपाटात सगळ्यात वर होती. जाड प्लास्टिक, तोंडाशी चार पिना, लेबलवर भावाचं नाव आणि तारीख. पिना गंजल्या होत्या. तिने सुरीच्या टोकाने एकेक उचकटली. घड्याळ, पट्टा, शर्ट. शर्ट घडी घालून कडक झाला होता, डाग काळे पडले होते. ७.०४ला तिने खिशात दोन बोटं घातली.

साल बाहेर येत राहिली. एकच लांब वेटोळं, कुठेही न तुटलेलं.

"म्हणजे सोलत तो होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि चालवत तुम्ही."

"हो. मी."

तिने हात पुढे केला. मी वही दिली. पहिल्या पानावर तिच्याच ओळीखाली तिने लिहिलं, "गाडी भाऊजी चालवत होते." तारीख घातली. वही परत देताना तिचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे गेलं. तिने ती एकमेकांवर चोळली, मग नाकाशी नेली.

"भाऊजी, ही ओली आहे."

खोलीभर वास पसरला होता. ताजा.

फोन वाजला. सिस्टर होत्या.

"थांबला हात," त्या म्हणाल्या. "सात वाजून चार मिनिटांनी. पण खाली येत नाहीये. पुढे धरून बसल्यात. क्रेनवाल्यानं माझी खुर्ची फिरवली तेव्हा मला दिसलं. दोन बोटं आणि अंगठा जुळवून, कुणाला तरी घास भरवायला धरावा तसा. आम्ही समोरून बाजूला झालो तर हातही वळला. आता खिडकीकडे आहे. तुमचा तो बस थांबा त्याच बाजूला ना?"

मी फोन ठेवला. भावजय काहीतरी विचारत होती. मी ओठ घट्ट मिटले. तोंड उघडायची हिंमत होत नव्हती.