पहिल्या फेरीतला रनिंग बॅक

निर्मळच्या वळणावर उन्नतीची स्कूटर बंद पडली आणि प्लग साफ करून द्यायला शेजारच्या वाडीतून जो उंच तरुण बाहेर आला, तो तिचा वैरी निघाला. हे कळायला दहा मिनिटं लागली.

"घरून काम करता? कसलं?" त्याने विचारलं.

"अमेरिकन फुटबॉलचं. तिकडे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात, फेरीफेरीने. कोणाला आधी घ्यावं, याचे अहवाल लिहिते."

त्याचा हात थांबला. "रनिंग बॅक पहिल्याच फेरीत घ्या म्हणणारी उन्नती… तुम्हीच?"

म्हणजे हाच तो क्लेटन, तिच्याच कंपनीतला, तिचा अहवाल तीनदा परत पाठवणारा तपासनीस. कोणी टकलू साहेब असेल, अशी तिची समजूत होती. याच्या कपाळावर तर केस येत होते.

"चेंडू छातीशी धरून गर्दीत घुसणारा गडी तो," क्लेटन म्हणाला. "चार वर्षांत गुडघे जातात. आमच्या केळीसारखंच, एक घड दिला की कापली. शिवाय वाट करून देतात ते पुढचे धिप्पाड गडी. चांगला पळणारा चौथ्या फेरीतही मिळतो."

"म्हणूनच आधी घ्यायचा. जी चार वर्षं चांगली, ती पहिल्याच करारात मिळतात. थांबायचं कशाला?"

"थांबण्यात शहाणपण असतं."

"हो, आणि तेवढ्यात दुसरा संघ घेऊन जातो."

तो हसला. तीही हसली, आणि आपण हसलो याचा तिला रागही आला.

मग ती दिवसाआड निर्मळला भाजी घ्यायला येऊ लागली. नालासोपाऱ्यात इमारतीखालीच भाजीवाला बसायचा, पण असो. बांधावर बसून वाद व्हायचा. निघताना स्कूटरच्या डिकीत ओंजळभर जुई सापडायची… कोणी ठेवली, हे कोणीच बोलायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

अहवालाची मुदत मात्र शनिवारची होती. मंजूर झाला तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेरीस घरी. शुक्रवारी निरोप आला, तपासनीस बदलला आहे. अहवाल आता लिडियाकडे, कंपनीतल्या सर्वांत कडक बाईकडे. शनिवारी सकाळी उन्नती तडक वाडीत गेली.

"ऐन वेळी अंग काढून घेतलंस. माझी नोकरी गेली तर?"

क्लेटनने हातातली केळीची पानं खाली ठेवली. "चौथ्यांदा वाचायला घेतला. एकही चूक सापडेना. मग कळलं, मी अहवाल वाचतच नव्हतो… तुझा आवाज ऐकत होतो. असा मंजूर केला असता, तर तुझ्या कामाची काय किंमत राहिली असती?"

तिचा राग जागच्या जागी विरला. तेवढ्यात फोन वाजला. लिडियाचा निरोप होता, 'दोन दुरुस्त्या. मंजूर.' उन्नतीने दोनदा वाचला आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"मला अजून पटलेलं नाही हं," तो म्हणाला, पण चेहरा फुलला होता.

"तपासनीस बदलायला कारण द्यावं लागतं. काय दिलंस?"

"लिहिणारी जवळची आहे, असं. पुढे नातं विचारतात. तो रकाना… रिकामाच ठेवलाय. तुला न विचारता कसं लिहू?"

तिने त्याचा फोन मागून घेतला, त्यातला तो अर्ज उघडून रकान्यात 'होणारी बायको' असं लिहिलं आणि परत दिला.

"इतक्या लवकर?"

"माझं मत तू तीनदा वाचलंयस," उन्नती म्हणाली.

तो रकाना वाचायला क्लेटनला बराच वेळ लागला. परत मात्र पाठवला नाही.