भेगेवरची काच

सुताराच्या अंगणातलं अक्रोडाचं झाड त्याच्या घरापेक्षाही जुनं होतं. ते अख्खं फोटोत मावावं म्हणून ती मागे मागे सरकत गेली आणि थेट गुरांच्या हौदात जाऊन बसली.

"आला का फोटो चांगला?" दारातून सुताराने विचारलं. हसू दाबायचा त्याने प्रयत्नसुद्धा केला नाही.

खेड्यापाड्यांतली जुनी घरं, पूल, झाडं यांची मापं घ्यायची, चित्रं काढायची, हे तिचं काम. गावाने पहिल्याच दिवशी तिला 'मोजणीबाई' करून टाकलं. सुताराच्या आत्याने तिला कोरडे कपडे दिले, चुलीजवळ बसवलं. आईबापामागे भाच्याला वाढवणारी ही बाई. "घर नीट बघ हो," ती म्हणाली, "माझ्यासारखंच आहे. वरून टुमदार, आतून खिळखिळं."

खरंच होतं ते. दगडी भिंती, कोरीव सज्जा, असं देखणं घर गावात दुसरं नव्हतं. पण आत्याच्या खोलीच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग. मोजणीबाईने भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली.

"भिंत हलली की ही तडकते. तडकली की लगेच फोन करायचा, आणि या खोलीत कुणी झोपायचं नाही."

"आणि नाही तडकली, तर फोन करायचाच नाही?" सुताराने विचारलं.

ती लाजली... आणि लाजल्याचा तिला रागही आला.

थोड्याच दिवसांत फोन आला. ती धावत आली. काच फुटली होती, भेग मात्र होती तेवढीच. नवी पट्टी लावून झाल्यावर दोघं झऱ्यापर्यंत पावसात भिजत गेली. परतताना हातात हात होता. मग पुढची काच फुटली. या वेळी तिला काचेवर हातोडीचा टवका दिसला.

"फुटली, की फोडली?"

"भिंतीचाच जीव जडलाय तुमच्यावर... मी काय करणार?"

खरं तर तिने रागवायला हवं होतं. पण ती हसत सुटली आणि आतून आत्याही हसली.

पावसाने झड लावली होती, तेव्हा तिसरा फोन आला. "काच फुटली. खरंच."

"बिचारी भिंत! शनिवारी येते. तोवर तिला धीर धरायला सांगा."

"अहो, थट्टा नाही—"

"ओळखून आहे मी तुमची थट्टा!" तिने फोन ठेवला. दिवसभर ती गुणगुणत होती.

ती पोचली तेव्हा मागची भिंत नव्हती. आत्याला ढिगाऱ्यातून काढून, अखेरचा निरोपही देऊन झाला होता.

"त्या खोलीतून उठ म्हटलं तिला," सुतार म्हणाला, "तर हसली. मोजणीबाईला बोलवायचंय ना, मग मला कशाला उठवतोस, म्हणाली."

"मी यायला हवं होतं," ती रडत म्हणाली. "माझं... माझं प्रेम आहे हो तुमच्यावर."

"माझंही आहे. तेच तर." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "आज तुम्ही वळणावर दिसलात आणि मी हरखलो. आत्याला जाऊन दोन दिवस नाही झाले, आणि मी हरखलो! पुन्हा येऊ नका."

गावातली अर्धी घरं अजून मोजायची राहिली होती. ती तिने दुसऱ्या कुणाला तरी सोपवली.