गेट दोनची परवानगी

भिंत तुम्ही पाडलीत. आधी एवढं कबूल करा, मग पुढचं बोलू.

जानेवारीत तुमच्या सरकारी कचेरीतून पत्रक निघालं. सर्व दवाखान्यांनी संगणकातली फायरवॉल, म्हणजे बाहेरच्याला आत येऊ न देणारी भिंत, बंद ठेवावी, कारण तिच्यामुळे कचेरीचा देखरेखीचा प्रोग्राम अडखळतो. शिक्का ठळक होता. सही कुणाची ते देवालाच ठाऊक. मार्चमध्ये आमच्या सांता रुफिनाच्या दवाखान्यातला प्रयोगशाळेचा संगणक व्हायरसने आडवा पडला, तेव्हा तुमचंच दुसरं पत्र आलं: 'स्थानिक हलगर्जीपणा.' बुधवारी दुपारी तपासनीस येईल. फायरवॉल चालू नसली तर संगणक जप्त, आणि प्रयोगशाळा एकोणीस किलोमीटरवरच्या इस्पितळात विलीन.

विलीन हा शब्द आम्हाला नवा नाही. बारा वर्षांपूर्वी आमचा साखर कारखाना तुम्ही असाच विलीन केलात. चिमणी तीन तुकड्यांत कापलीत, बॉयलर ट्रकवर चढवलेत, आणि राहिली ती कारखान्याची वसाहत: चारशे घरं, एक शाळा, एक दवाखाना. त्या दवाखान्यातही मधुमेहवाल्या म्हाताऱ्यांचं आणि पोटुशा बायकांचं रक्त तपासणारं ते एकच यंत्र, आणि ते चालतं या एका संगणकावर. इस्पितळाची बस आठवड्यातून दोनदा येते. कधी येतही नाही.

संगणक दुरुस्त करायला बसली ती इदाल्मिस. वय चव्वेचाळीस, शिक्षण नववी. पंखे उघडून शिकली, मग रेडिओ, मग संगणक. कामाग्वेय शहरातली पदवीवाली पोरं अडली की तिला फोन करतात आणि नाव मात्र स्वतःचं सांगतात. तिला ते ठाऊक आहे. ती म्हणते, "करू देत. मेलेल्या यंत्राला कळतं कुणाचा हात लागला ते."

सोमवारी सकाळी तिने पहिल्यांदा नर्स याकेलीनला बोलावलं.

"पेनड्राइव्ह कुणी लावला यात?"

"मी कशाला लावू?"

"याके, या डबड्यात तुर्की मालिकेचे अठ्ठावीस भाग आहेत. डॉक्टर बघतात का?"

याकेलीनने तोंडावर हात घेतला. आमच्याकडे इंटरनेट परवडत नाही. दर सोमवारी एक माणूस डिस्क घेऊन घरोघर फिरतो, आठवडाभराच्या मालिका ज्याच्या त्याच्या पेनड्राइव्हवर भरून देतो, आणि सगळी वसाहत त्याच्यावर जगते. त्या मालिकांच्या पाठीवर बसून ही घाण आली होती.

"मला काढून टाकतील गं?"

"तुला नाही, आपल्या सगळ्यांना काढतील. जा, कॉफी आण. साखर घालून आण. साखर कारखान्याची वसाहत आणि कडू कॉफी, लाज वाटते मला."

घाण काढायला दुपार गेली. स्वच्छ डिस्कवरून संगणक सुरू करून तिने व्हायरस एकेक वेचून काढला. एकवीस निघाले. पण फायरवॉल उठेना. चालू करायचं बटण राखाडी होऊन पडलेलं, दाबलं तर दबेना. व्हायरसने नुसता पहारेकरी मारला नव्हता. त्याची नेमणूक, त्याचं हजेरीपुस्तक, त्याची खोली, सगळं संगणकाच्या पोटातून उपटून टाकलं होतं. सगळंच पुसून नवीन बसवावं म्हटलं तर रक्त तपासायच्या यंत्राचा प्रोग्राम गेला असता, आणि त्याची मूळ डिस्क कारखाना तुटायच्याही आधी हरवली होती.

अशा वेळी आमच्याकडे एकच रीत. मेलेल्यातून काढायचं, जिवंतात घालायचं. आमच्या फ्रिजमध्ये रशियन मोटारी आहेत आणि मोटारींमध्ये फ्रिजचे भाग. याच संगणकाचं जुळं भावंड वसाहतीत एकच होतं, कारखान्याच्या टाइम ऑफिसचं, जिथे कामगारांची हजेरी लागायची. कारखाना तोडताना टाइमकीपर एवेलिओने ते रताळ्यांच्या पोत्याखाली घालून हातगाडीवरून घरी पळवलं होतं. म्हातारा आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, आणि दर रविवारी त्या संगणकावरची धूळ पुसतो.

"घेऊन जा हवं ते," तो म्हणाला. "पण परत आण. ते कारखान्याचं आहे."

"कारखाना कुठे आहे, काका?"

"तू तुझं काम कर, पोरी."

इदाल्मिसने त्यातून फायरवॉलचा सगळा संसार उचलला. नेमणूकही, आणि कुणाला आत सोडायचं कुणाला नाही याची जुनी यादीही. शहरातली पोरं यादी नव्याने लिहितात. तिला ते पटत नाही. अर्धा भाग घेतला तर यंत्र अर्धंच चालतं, हे ती पंख्यांपासून शिकली होती.

मंगळवारी सकाळी दवाखान्यातला संगणक सुरू झाला आणि बटण हिरवं झालं.

ती एकटीच हसली. मग तिने दार उघडून ओसरीभर ऐकू जाईल असं सांगितलं, "चालू झाली! ज्याला सांगायचं असेल त्याने कचेरीला सांगावं!" बाहेर रक्त द्यायला बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. दंडाला कापूस धरलेल्या एकीने तो सोडून वाजवल्या, आणि बाहीवर रक्ताचा ठिपका पडला.

काम चोख असावं म्हणून इदाल्मिसने नोंदवही चालू ठेवली. कुणाला सोडलं, कुणाला रोखलं, फायरवॉल एकेक ओळ लिहीत जाते. तपासनिसाला दाखवायला बरं. लिहिण्यासारखं काही घडणार नव्हतंच, कारण नेटवर्कची केबल तिने सोमवारीच उपटून मेजावर ठेवली होती.

तीन वाजता पहिली ओळ उमटली.

'आत सोडलं. गेट २.'

दोन-तीन सेकंदांनी दुसरी. मग तिसरी. एका सुरात नव्हत्या. कधी दोन लागोपाठ, कधी मध्ये जरा थांबून, जशी माणसं दारातून जातात तशा. तिने केबलकडे पाहिलं. ती मेजावर होती तिथेच होती. संगणकाच्या मागच्या खाचेत बोट घातलं. खाच कोमट होती.

तीन वाजून अकरा मिनिटांनी ओळी थांबल्या. दोनशे बारा झाल्या होत्या.

घाबरायचा तिचा स्वभाव नाही. तिला राग आला. आपल्या कामात आपल्याला न विचारता कुणी शिरलं की तिला रागच येतो. व्हायरस राहिला असेल म्हणून तिने सगळं पुन्हा तपासलं. स्वच्छ. मग जुन्या यादीत शोधलं. एवेलिओच्या संगणकातून आलेल्या परवानग्यांत ती सापडली: 'गेट २, सदैव सोडावे.' तिने ती पुसली.

फायरवॉल मेली. बटण राखाडी.

परवानगी परत घातली. हिरवं. पुन्हा काढली. राखाडी. संध्याकाळपर्यंत तिने हे नऊ वेळा केलं. यादीतलं बाकी सगळं काढता येत होतं. ती एक ओळ काढली की भिंत पडायची.

बुधवारी सकाळीच ती एवेलिओकडे गेली. तो अंगणात रताळं सोलत होता.

"काका, गेट दोनवर काय होतं?"

"कार्ड वाचायचं यंत्र. कामगार यायचा, कार्ड दाखवायचा, माझ्या संगणकात नोंद पडायची. यंत्र त्यांनी उचकटून नेलं. ट्रकवर चढताना मी बघितलं, तार खाली लोंबत होती."

संगणकातल्या रात्रीपर्यंतच्या नोंदी बघून तिने वहीत उतरून घेतलेल्या वेळा त्याच्यापुढे धरल्या. म्हाताऱ्याने चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिला. सालं हातातून खाली पडली.

"तीनची पाळी," तो म्हणाला. मग ताठ बसला. "बघ, एकालाही सव्वातीन झाले नाहीत. म्हणायचे ना, सांता रुफिनाचे लोक आळशी, म्हणून कारखाना बंद? बघ म्हणावं."

"काका, हे आत आलेत. गेलेत कधी?"

"गेटवर जायचीही नोंद पडते. रात्री अकराला, पाळी सुटली की."

तिच्या वहीत अकराची एकही ओळ नव्हती. आत, आत, आत. एवढंच.

"मी ती भिंत पाडू का?" तिने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला कामातलं काही विचारत होती.

एवेलिओने सुरी पुसली. "प्रयोगशाळा गेली तर म्हाताऱ्या एनेइदाच्या रक्तातली साखर कोण तपासेल? तू?"

ती उठली.

तपासनीस अडीचला आला. तिशीचा, पांढराशुभ्र ग्वायाबेरा शर्ट, इस्त्रीची धार अशी की बोट कापावं. ड्रायव्हर गाडीतच बसला.

"कॉम्रेड, दुरुस्ती कुणी केली?"

"मी."

"प्रशिक्षण कुठलं?"

"याच मेजावरचं."

तो जरासा हसला. "फायरवॉल बंद कशी पडली, याचं लेखी उत्तर लागेल."

इदाल्मिसने तुमचं जानेवारीचं पत्रक त्याच्यापुढे सरकवलं. "लेखीच आहे. शिक्का बघा, सही वाचता आली तर मलाही सांगा."

त्याने पत्रक वाचलं, पालथं घातलं, आणि संगणकाकडे वळला. पंधरा-वीस मिनिटं त्याने सगळं चाचपून पाहिलं. तिने खुर्ची दिली नाही. काम इतकं नीट होतं की त्याला बोट ठेवायला जागा मिळेना, आणि त्याचा चेहरा पडत गेला तसा तिचा कणा वर आला. शेवटी त्याने अहवाल काढला, पेन काढलं.

"नेटवर्क जोडलेलं दिसतंय," तो म्हणाला. "वाहतूक चालू आहे."

भिंतीवरच्या घड्याळात तीन झाले होते.

'आत सोडलं. गेट २.'

'आत सोडलं. गेट २.'

"केबल कुठली आहे ही?"

"तुमच्या हातात आहे ती."

त्याने खाली पाहिलं. मेजावर हात टेकताना केबलचं मोकळं टोक त्याच्या मुठीत आलं होतं. दुसरं टोकही मोकळंच होतं. तो सोडायचं विसरला.

खोलीत उकळत्या उसाच्या रसाचा वास आला. दाट, गोड, घशाला चिकटणारा. इदाल्मिसला तो लहानपणापासून ओळखीचा. त्याला नसावा. त्याने नाकाला रुमाल लावला.

कपाटातल्या काचनळ्या एकमेकींना हलकेच लागून किणकिणू लागल्या. जमीन थरथरत होती. गव्हाणीत ऊस पडायला लागला की थरथरते, तशी.

ओळी चढतच होत्या.

"तुमचं काय म्हणणं आहे?" इदाल्मिसने विचारलं. "चालू आहे की बंद?"

"चालू," तो म्हणाला.

"मग तसं लिहा."

त्याने लिहिलं. सही केली. ती वाचता येत होती.

तो बाहेर गेला तेव्हा ड्रायव्हर गाडीबाहेर उभा राहून आभाळाकडे बघत होता. "इथे काही जळतंय का हो?" काही जळत नव्हतं. दहा किलोमीटरमध्ये ऊस उरलेला नाही, सगळी काटेरी झुडपं आहेत. तपासनिसाच्या पांढऱ्या खांद्यांवर काळे बारीक तंतू पडले होते. त्याने झटकले, तशी काजळी फासली गेली. वसाहतीत त्या दिवशी वाळत घातलेली एकही चादर पांढरी राहिली नाही. चिमणी चालू असताना करायच्या तशी आरडाओरड बायकांनी केली नाही. उलट दोघीतिघींनी चादरी तशाच घडी करून ठेवून दिल्या.

प्रयोगशाळा वाचली. अहवाल तुमच्याकडे पोचला आहे. इदाल्मिसने तो लिहवून घेतला, तुमच्या माणसाकडून, तुमच्या कागदावर, आणि वसाहत तिचं नाव ताठ मानेने घेते.

आता गुरुवारचं ऐका.

सकाळी साताला तिने दवाखाना उघडला. याकेलीन अजून यायची होती. ओसरीवरची चारही बाकं रिकामी. एनेइदा आजी काठी टेकत आल्या, रक्त द्यायला, उपाशीपोटी. आमच्याकडे रांगेत कुणी उभं राहत नाही. आल्यावर विचारायचं, "शेवटचं कोण?", जो असेल तो हात वर करतो, त्याच्यामागे आपला नंबर धरून कुठेही बसायचं. आजींनी रिकाम्या बाकांकडे बघून सवयीने विचारलं, "शेवटचं कोण?"

मग त्यांनी मान डोलावली. "बरं, तुमच्यामागे मी," म्हणाल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"बसा की आजी," इदाल्मिस म्हणाली.

"कुठे बसू बाई? जागा कुठाय?" आजींनी आवाज खाली आणला. "वेळ लागेल आज. तीनची अख्खी पाळी पुढे आहे. कालपासून बसलीत बिचारी, कुणी आत घेतलं नाही म्हणतात."

त्या दिवसापासून बाकांवर कुणी बसत नाही. ठरवून नाही. लोक येतात, विचारतात, आणि उभे राहतात.

आमच्याकडे डॉक्टर एकच आहे, तीही मंगळवारपुरती. माणसं आमची आहेत, वेळेवर येतात, आणि आम्ही त्यांना परत पाठवणार नाही. तेव्हा लेखी विचारतो: दुसरा डॉक्टर कधी पाठवताय? तारीख कळवा.