ओढ्यातली नावं

मासे धरायला जायचं ठरलं होतं, पण ओढ्यापर्यंत पोहोचायच्या आतच दहा वर्षांच्या रॉस्कोचा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला.

"जमीनच गिळतेय तुला," डेट्रॉइटहून सुट्टीला आलेला त्याचा मामेभाऊ जार्विस हसला. "चव कळली की थुंकेल बघ."

रॉस्कोची थोरली बहीण डेल्फीन मात्र हसली नाही. ती खळग्याकडे बघत होती. माणसाच्या लांबीचा खळगा. शेजारी तसाच दुसरा, पुढे तिसरा, सगळे उगवतीकडे तोंड करून. पाइनच्या झाडांच्या सुईसारख्या वाळक्या पानांत समुद्रातले पांढरे शिंपले रुतले होते, आणि समुद्र तर तिथून दोनशे मैल लांब.

"इथे दगड होते," ती हळूच म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात मी पाहिलेत. नावं कोरलेले."

आता एकही नव्हता. झाडांना मात्र मोजणीवाल्यांच्या नव्या कोऱ्या नारिंगी फिती बांधल्या होत्या. टेकाडावर शहराच्या दफनभूमीची भिंत होती. भिंतीपलीकडे कापलेलं गवत आणि संगमरवरी देवदूत, अलीकडे नुसतं रान. भर सकाळी तिथे एकही पाखरू ओरडत नव्हतं.

मातीत ट्रकच्या चाकांचे ताजे चर उमटले होते. ते धरून तिघं ओढ्याच्या घळीपाशी आली. खाली दगडांचा ढीग पडला होता, सगळे पालथे. पोरांनी जोर लावून एक सुलटा केला. शेवाळाखाली अक्षरं होती. टेंपी ग्रिअर. खाली एकच शब्द, आई.

तेवढ्यात ट्रकची घरघर ऐकू आली. तिघं वर पळाली आणि दिसेल त्या खळग्यात आडवी झाली.

ट्रकमधून ठेकेदार हॅचर उतरला. तो हाताखालच्या माणसाला समजावत होता, की सोमवारी आठला बुलडोझर आणायचा आणि वाहनतळाचं काम सुरू करायचं. जमीन कागदावर रिकामीच होती, आता डोळ्यांनाही रिकामी दिसत होती. बोलता बोलता तो थांबला. घळीच्या काठावर रॉस्कोचा गळ पडला होता.

"कोण आहे रे पोरांनो?" त्याचा आवाज अगदी मायेचा होता. "इथे खेळू नका. जमीन पोकळ आहे. आत गेलात तर कुणाला पत्ताही लागणार नाही."

डेल्फीनने रॉस्कोच्या तोंडावर हात दाबून धरला. पावलं जवळ आली, थबकली, पुन्हा लांब गेली. आपल्या पाठीखाली कुणीतरी निजलंय, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. भीती वाटली, पण उठावंसं वाटलं नाही.

घरी होझिया आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं, की जुन्या काळी काळ्या माणसाची शवपेटी शहराच्या दफनभूमीच्या फाटकातून न्यायला बंदी होती. ओढ्यातून वळसा घालून ती उतारावर आणावी लागे. कबरीवर लांबून आणलेले समुद्राचे शिंपले ठेवायची रीत होती. पुढे माणसं कामासाठी उत्तरेला गेली आणि रान माजलं. आजोबा शहराच्या कचेरीत दोनदा जाऊन आले होते. तिथे कबरी आहेत याचा पुरावा आणा, एवढंच उत्तर मिळालं होतं.

"पुरावा घळीत पडलाय," जार्विस म्हणाला. "कागद आणि मेणाचे खडू आहेत का घरात?"

दुपारी तिघं लपतछपत परत गेली. दगड सुलटा करून त्यावर कागद ठेवून खडू घासला की झिजलेली अक्षरं हळूहळू वर येत. एकजण पहारा देई, दोघं घासत. एकतीस नावं निघाली. काही दगडांवर नुसतं 'बाळ' होतं.

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी ती नावं वाचायला घेतली. टेंपी ग्रिअर म्हणताच मागच्या बाकावरची एक म्हातारी उभी राहिली. "माझी पणजी," ती म्हणाली. पुढच्या नावाला आणखी कुणी उठलं. यादी संपेपर्यंत अर्धं चर्च उभं होतं.

सोमवारी बुलडोझर आला तेव्हा उतारावर साठ माणसं रविवारचे कपडे घालून गप्प उभी होती. पाळकांनी बोलावलेल्या सरकारी तपासनीस बाईही आल्या होत्या. हॅचरने त्यांना नकाशा दाखवला. इथे कधी कुणाला पुरलेलंच नाही, असं तो शांतपणे म्हणाला.

"आम्हाला एकतीस नावं सापडलीत," डेल्फीन म्हणाली.

"ओढ्यातले ते दगड होय? ते कुठून तरी पुरात वाहून आलेत."

"ओढ्याचं नाव आम्ही काढलंच नाही, साहेब."

हॅचर नकाशाची गुंडाळी करू लागला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि बुलडोझरच्या चालकाला इंजिन बंद करायला सांगितलं. मग त्या घळीत उतरल्या. वर आल्या तेव्हा त्यांचे बूट चिखलाने भरले होते. काम बंद, असं त्यांनी हॅचरला ऐकवलं, आणि दगड कुणी हलवले याची चौकशी होईल म्हणून बजावलं.

पाळकांनी सर्वांसमोर पोरांचं कौतुक केलं. होझिया आजोबांनी तिघांच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्ही मोठी माणसं थकलो होतो," ते म्हणाले. "तुम्ही थकला नाहीत."

मग ते काठी टेकत झाडांत शिरले. डेल्फीन मागोमाग गेली. खळगे संपतच नव्हते. शंभर मोजल्यावर तिने मोजणं सोडून दिलं.

"तुमची आई यातली कुठली, आजोबा?"

"दगड कधी लावलाच नव्हता तिला. मी चार वर्षांचा होतो." त्यांनी काठी जपून पुढे टेकली. "मला माहीत नाही, बाळा. म्हणून सगळीकडेच हळू चाल."